भेसळ

शेंडा पार्कच्या मागच्या खोलीत दिवे मालवून
मुबीना मुजावरनं जेल काचेवर ठेवलं,
म्हणाली, सर, चष्मा लावा, डोळे जपा.
जांभळ्या उजेडात केशरी रेघा उठल्या.
त्रेचाळीस रकाने, बेचाळीस वाण.
शेवटचा रकाना मी मोजला नाही.

सव्वीस वर्षांची माझी नाचणी.
प्रत्येक ओळीला नंबर, नंबराला वही,
वहीत उंची, फुटवे, कणसाला बोटं किती,
कुठली वाऱ्याला लोळत नाही,
कुठल्या पिठाची भाकरी थापताना चिरत नाही.
पोरांचे वाढदिवस चुकायचे,
हे कधी चुकलं नाही.

आणि रेघा सगळीकडे त्याच उंचीवर.
पहिला मार्कर, दुसरा, नववा.
एकाच फणीनं भांग पाडून
शाळेत पाठवलेली पोरं जशी.

मी म्हटलं, मार्कर कमी पडले असतील.
ती म्हणाली, आणखी दहा लावून बघितले, सर.
मी म्हटलं, पानं एकाच वाफ्यातली गेली असतील.
ती म्हणाली, पाकिटं तुम्हीच बांधली होती.
मग ती गप्प बसून लिहीत राहिली,
रेघ आहे तिथे एक, नाही तिथे शून्य,
आणि शून्यं त्याच त्याच जागी पडत गेली.

संगणकानं रात्रीतून झाड काढलं, आडवं निजलेलं.
बेचाळीस फांद्या शेंड्यापाशीच
एकमेकींत मिटलेल्या.

चूक तशी कुणाची नाही.
नाचणी आपल्याच फुलात आपलं लग्न लावते,
आणि मला आवडलं तेच दर हंगामाला मी ठेवत आलो.
आवड म्हणजे चाळणीच.
सव्वीस वर्षांत तिचं एक भोकही मोठं झालं नाही.

आमच्या गल्लीतल्या तालमीत एक वस्ताद होते,
त्यांच्या सगळ्या पठ्ठ्यांना एकच डाव यायचा,
पण काय यायचा!
मग सांगलीकडचा एकजण त्या डावाचा तोड शिकून आला
आणि एका दुपारी सगळे आडवे.
करपाही असाच येईल एखाद्या दमट भाद्रपदात,
एकच तोड शिकून.

"सर, त्रेचाळीसावा बघितला नाही तुम्ही."

तिथे एक रेघ बरीच खाली उतरलेली,
दुसरी, जिथे कुणाचीच नव्हती तिथे.
जागा रिकामी होती, मुबीना म्हणाली,
म्हणून हौदाजवळचं एक पान घातलं.

हौदाजवळ यल्लूबाई होती, खुरपं धूत.
दर सप्टेंबरला मी बांधावर उभा राहायचो,
ती ओळीतून वाकत जायची:
ही उंच झाली, काढ. हिचा देठ जांभळा, काढ.
हिची मूठ मिटत नाही, बोटं पसरलीत, भेसळ आहे, काढ.
"काढली की, सायेब. तुमी सांगितलं तवा काढली.
पन जित्या रोपाला टाकून द्याय हात झाला न्हाई,
हितं वल हुती, टेकवली.
बी पडतंय, उगवतंय, कोंबड्या बी खात्यात."

हौदाच्या गळक्या पाण्यावर
दहा-बारा धाटं, हात उघडून उभी.

जुन्या वह्या काढल्या.
दर चार पानांआड माझंच अक्षर:
भेसळ, काढली. तारीख. सही.
एकदा तर खाली दोन रेघा.

आता हिला नंबर द्यावा तर कुठून सुरू करावा?
यल्लूबाई म्हणाली, भेसळच ऱ्हाऊ द्या की,
तिला सवय हाय.

निवृत्तीला चौदा महिने.
एका संकराला सात पावसाळे, आठही.
हिशेब मी मुबीनासमोर मोठ्यानं केला नाही.
बावन्न अंशांच्या पाण्यात कणीस पाच मिनिटं बुडवलं
की त्याचे स्वतःचे पराग मरतात,
दुसऱ्याला जागा होते.
थर्मास कुठाय, म्हणून विचारलं,
तर तिनं तो सकाळीच भरून ठेवला होता.